दोन बोटं जास्त

३ मार्च

भिंगरे,

मी बोलतेय आणि तुझी आई लिहितेय, तेव्हा अक्षर सुंदर दिसलं तर त्याचं श्रेय मला देऊ नकोस. फोन मला मानवत नाही हे तुला माहीत आहे. फोनमधून तुझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. मी आपली ‘हो हो’ म्हणत राहते आणि काय कबूल केलं ते मलाच ठाऊक नसतं.

काल तू आईशी बोललीस. नंतर तिने मला सांगितलं, की तुला डोंगरात चालवायची सायकल घ्यायची आहे आणि तीन आठवडे तू मापावर अडून बसली आहेस. मला आधी वाटलं ती थट्टा करतेय. सायकलला माप? आमच्या वेळी सायकलला एकच माप होतं, तुझ्या आजोबांचं. ज्याचे पाय पुरायचे नाहीत तो दांडीखालून पाय घालून वाकडातिकडा चालवायचा, आणि पोचायचा.

बरं, माप असेल तर असो. पण मग मला कसं विचारलं नाहीस? चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली मी. अक्षर येत नाही, टेपवरचा आकडा वाचता येत नाही, सगळं दोऱ्याला गाठी मारून चालवलं. एका गिऱ्हाइकाचा एक दोरा, भिंतीवर खिळ्याला. खांद्याची गाठ, बाहीची गाठ, कमरेची गाठ. अख्खी गल्ली माझ्या भिंतीवर टांगलेली असायची, आणि कोण जाड झालं ते मला त्याच्या बायकोच्या आधी कळायचं.

तेव्हा आता सगळं सांग. माप चुकलं तर काय होतं? सायकल उसवते की माणूस? कधीपर्यंत ठरवायचंय? आणि मुळात डोंगर चालत उतरता येत असताना हे खूळ कुणी काढलं?

वाट बघते. फार नाही, पण बघते.

आजी

(जसंच्या तसं लिहायचं असा हुकूम आहे. मी फक्त हात आहे. जेवत जा. — आई)


११ मार्च

आजी,

(आणि आई, कारण वाचणार तूच आहेस.)

रागावू नकोस. सायकलचं तुला काय विचारायचं असं वाटलं, दुसरं काही नाही.

इथे डोंगरावरून जंगलातून उतरणाऱ्या मातीच्या वाटा आहेत, फक्त सायकलसाठी आखलेल्या. सुट्टीला लोक येतात, आमच्या दुकानातून सायकल भाड्याने घेतात आणि त्यांना घेऊन एक वाटाड्या उतरतो. मी दीड वर्षं सायकली धुतेय, चाकांत हवा भरतेय, परत आलेल्या सायकलींवरचा चिखल खरवडतेय. मला वाटाडी व्हायचंय. मेच्या पहिल्या आठवड्यात चाचणी आहे. आम्ही सहा जण, जागा तीन. ज्याला घेतलं नाही त्याचं दुकानातलं कामही या हंगामाबरोबर संपणार. मग घरी परत, बाबांच्या ओळखीच्या ऑफिसात, पंख्याखाली. ते मला नको आहे, आजी. फार नको आहे.

चाचणी स्वतःच्या सायकलवर द्यावी लागते. आमच्या दुकानात एक मिस्त्रीणबाई आहेत. त्यांनी माझ्यासाठी दोन फ्रेम बाजूला काढून ठेवल्यात. फ्रेम म्हणजे सायकलचा सांगाडा. एकीवर ‘मीडियम’ लिहिलंय, एकीवर ‘लार्ज’. पंचवीस एप्रिलपर्यंत एक सांगायची, मग त्या चाकं, ब्रेक वगैरे चढवून देतील. भिंतीवर एक तक्ता आहे, त्यात आपली उंची बघायची. माझी उंची नेमकी दोघींच्या मधल्या रेघेवर पडते! लार्ज लांब असते, जोरात उतरताना डगमगत नाही. मीडियम आखूड असते, झटकन वळते. तक्ता खाली म्हणतो, ‘तुमच्या चालवण्याच्या पद्धतीप्रमाणे निवडा.’ बाकीचे पाचही जण लार्ज चालवतात. मीही लार्ज घ्यायचं जवळजवळ ठरवलंय. मिस्त्रीणबाई म्हणतात, ‘जवळजवळ ठरवलं म्हणजे ठरवलेलं नाही.’

आणि डोंगर चालत उतरता येतो, पण चालत उतरताना तोंडातून किंकाळी येत नाही. खूळ त्यासाठी आहे.

तुझी भिंगरी

आई, इथून खालचं आजीला वाचू नकोस. कोपर आता दुखत नाही, पण हात पूर्ण सरळ होत नाही. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच राहील. इथे कुणाला सांगितलेलं नाही. आजीला कळलं तर ती मला त्याच दिवशी बॅग भरायला लावेल. शपथ आहे तुला.


१९ मार्च

भिंगरे,

तुझ्या त्या तक्त्याला माझा दंडवत सांग. नुसती उंची विचारून मोकळा होणारा शिंपी मी जन्मात पाहिला नाही.

आमच्या गल्लीत जुळे भाऊ होते. उंची तीच, खांदे तेच, नाकसुद्धा एकाच बाजूला वाकडं. एक विजेच्या खांबांवर चढायचा, दुसरा तिकिटाच्या खिडकीत बसायचा. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे स्वतःला शहाणी समजत होते. एकाच दोऱ्यावर दोघांचे सदरे शिवून मोकळी झाले. खिडकीवाल्याचा सदरा दहा वर्षं टिकला. खांबवाला तिसऱ्या दिवशी दारात हजर, दोन्ही काखा फाटलेल्या. म्हणाला, ‘वहिनी, मी वर चढतो आणि तुमचा सदरा मला खाली ओढतो.’ मला इतकी लाज वाटली की त्याला दुसरा सदरा फुकट दिला आणि वर दोन शिव्या दिल्या. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, बाबा रे, दिवसभर तू करतोस काय? हात वर असतात की खाली? वाकतोस की बसतोस? मग दोरा काढायचे.

तर आता तुला विचारते. सायकलवर तू करतेस काय? बसतेस की उभी असतेस? उतरताना गुडघे कुठे, कोपरं कुठे, डोळे कुठे? तुझी आई म्हणते, हल्ली बटण दाबलं की सीट खाली जाते. का जाते? लाजते की काय?

आणि दोरे पाठव. पायाचा, आतल्या बाजूने, जांघेपासून टाचेपर्यंत. धडाचा. खांद्यांचा. दोन्ही हातांचे, खांद्यापासून मुठीपर्यंत, वेगवेगळे. बूट काढून उभी राहा. स्वतः मोजू नकोस, स्वतःचं माप घेताना माणूस पोट आत घेतो.

तुझं पत्र आईने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा जरा भरभर.

आजी

(‘लाजते की काय’ लिहायला मी नाही म्हणाले होते. — आई)


२९ मार्च

आजी,

तुझं पत्र मी मिस्त्रीणबाईंना वाचून दाखवलं. खांबवाल्यापाशी त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘या बाईंना इथे बोलवून घे, तक्ता मी आजच फाडते.’

आता उत्तरं. चढताना मी बसते, पेडल मारते, धापा टाकते. उतरताना अजिबात बसत नाही. दोन्ही पेडलं सपाट धरून त्यांवर उभी राहते, गुडघे वाकलेले, कोपरं बाहेर काढून वाकवलेली, कोंबडा भांडायला निघाल्यासारखी. सीट मध्ये आली तर पोटात घुसते, म्हणून ती बटणाने खाली घालायची. लाजत नाही, वाट देते. खालून येणारा प्रत्येक दगड आधी गुडघे गिळतात, मग कोपरं. म्हणजे उतरताना मी सायकलवर नसतेच, पेडल आणि हँडल यांच्यामध्ये टांगलेली असते. म्हणून पेडलपासून हँडल किती पुढे आहे ते सगळ्यात महत्त्वाचं. त्याला इथे ‘रीच’ म्हणतात.

डोळे? दहा हात पुढे. चाकाकडे बघितलं की संपलं.

इथल्या मोठ्या वाटाड्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तर सरळ उतारावर असे सुटतात की मागे फक्त धूळ राहते. मला तसं यायला हवंय. पण गिऱ्हाइकं असली की तेच मास्तर प्रत्येक वळणावर थांबतात, एक पाय खाली टेकून मागे बघतात आणि शेवटचा माणूस दिसेपर्यंत हलत नाहीत. सहा वेळा वळण, सहा वेळा थांबणं. मला ते बघूनच कंटाळा येतो.

पाच दोरे पाठवतेय. मिस्त्रीणबाईंनी धरले, गाठी मी मारल्या. निळा पायाचा, पांढरा धडाचा, काळा खांद्यांचा, दोन लाल हातांचे. नेहमीसारखी प्रत्येकात दोन बोटं जास्त सोडून गाठ मारलीय. तुझ्या मशीनपाशी बसून शिकलेलं विसरले नाहीये.

तुझी भिंगरी

आई, खालचं तुझ्यासाठी. डाव्या हाताचा दोरा घेतला असता तर आजीला लगेच कळलं असतं, म्हणून उजवाच दोनदा मोजलाय. हुशार आहे की नाही मी?


६ एप्रिल

भिंगरे,

अक्षर वेगळं दिसलं म्हणून दचकू नकोस. तुझी आई बँकेत गेलीय आणि मी औषधाच्या दुकानात बसलेय. औषधवाल्या बाई लिहितायत. ज्या बाईला डॉक्टरांचं अक्षर लागतं तिला माझं बोलणं लागणार नाही का?

दोरे मिळाले. ते घेऊन मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले. त्याच्याकडे एक डोंगरी सायकल दुरुस्तीला आली होती, ती जमिनीवर आडवी घालून घेतली आणि तिच्याशेजारी बसून दोरे लावले. सायकलवाला म्हणाला, ‘आजी, हिला सदरा शिवताय का?’ मी म्हटलं, ‘तुझ्या अंगातला आधी उसवते, मग हिचं बघते.’ दोन गिऱ्हाइकं थांबली, तीन झाली, मग सगळेच वाकून बघायला लागले. कुणी सांगे पेडल इथे धरा, कुणी सांगे हँडल तिथे. सायकलवाल्याने आकडे मांडले आणि म्हणाला, ‘लार्ज.’

पण मी ते घरी सांगितलं नाही. का, ते ऐक.

दोन लाल दोरे मी शेजारी शेजारी धरले. ओढून बघितले. गाठीवर गाठ ठेवली. एका केसाचा फरक नाही. भिंगरे, चाळीस वर्षांत मला दोन्ही हात सारखे असलेला माणूस भेटलेला नाही. कुणाचा कामाचा हात मोठा, कुणाचा खांदा उतरलेला. खुद्द माझा डावा अर्ध्या बोटाने आखूड आहे. आणि तुझे लहानपणी मी शंभरदा मोजलेत, तुझा डावा थोडा मोठा होता. आता सारखा कसा झाला? तू एकच हात दोनदा मोजलास. जो मोजला नाहीस त्याला काय झालंय?

दुसरं. तुझी आई पत्र वाचते तेव्हा मी कागदाकडेही कान ठेवते. शेवटच्या पानाच्या खालच्या अंगाला आली की तिला खोकला येतो आणि पत्र संपतं. मी इथे बाईंना विचारलं, सूनबाईंनी खोकल्याचं औषध नेलं का? नाही नेलं.

मला अक्षर येत नाही. वाचता सगळं येतं.

तर खरा दोरा पाठव, आणि खरं काय झालं ते. औषधाच्या दुकानाच्या पत्त्यावर.

आजी

(आजी बोलतायत त्यापेक्षा जास्त काळजीत दिसतायत. चघळायची गोळी दिली ती तशीच हातात धरून बसल्यात. लवकर लिहा. — औषधवाली)


१२ एप्रिल

आजी,

मला रडू आलं आणि हसूही. औषधवाल्या बाई, हे सगळं वाचा, काही गाळू नका.

ऑक्टोबरात पडले. एक वाटाड्या काम सोडून चालला होता, त्याच्या दोन जुन्या सायकली विकायला होत्या, एक मोठी, एक लहान. त्याने विचारलं कुठली हवी. मी बसूनसुद्धा बघितलं नाही. तोंडातून निघून गेलं, ‘मोठीच द्या, लहान पडायला नको.’ का म्हणाले ते मला अजून कळलेलं नाही. हँडल लांब पडायचं. कोपरं वाकवून धरायची असतात हे माहीत असूनही हात ताठच राहायचे, कारण ताठ केल्याशिवाय पोचायचेच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एका वळणावर पुढचं चाक झाडाच्या मुळावर आपटलं, आणि जो धक्का कोपराने गिळायचा तो सरळ हाडात गेला. डावं कोपर मोडलं. दोन महिने प्लास्टर. ती सायकल विकून टाकली. इथे सगळ्यांना सांगितलं, खोलीच्या जिन्यावरून पडले. आईला खरं सांगितलं आणि तिला शपथ घातली. तिचा काही दोष नाही.

आता हात बरा आहे. पण पूर्ण सरळ होत नाही, आणि तसाच राहणार. खरा दोरा सोबत आहे, हिरवा. तू मोजायचीस तेव्हा उजव्यापेक्षा मोठा असलेला डावा हात आता तीन बोटं कमी भरतो.

मला लार्जच का हवीय, तेही सांगते. बाकीचे चालवतात म्हणून नाही. त्याच मापाच्या सायकलवर उभी राहून, त्याच वळणावरून खाली आले, तर पडले होते ते पुसलं जाईल असं वाटतं. आणि मीडियम घेतली तर मास्तर विचारतील, का? मग कोपर सांगावं लागेल. मोडक्या हाताच्या मुलीच्या मागे कोण गिऱ्हाइकं सोडेल? माझं नाव चाचणीच्या आधीच कटेल.

आता तू बॅग भर म्हणशील. चाचणी होईपर्यंत तरी म्हणू नकोस.

तुझी भिंगरी


१९ एप्रिल

भिंगरे,

अक्षर ओळखलंस ना? तुझ्या आईचंच आहे. तुझं पत्र घेऊन मी घरी आले, तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, ‘सूनबाई, आज खोकू नकोस.’ ती आधी रडली, मग हसली, मग गॅसवरचं दूध उतू गेलं म्हणून माझ्यावरच ओरडली. सहा महिने तिने हे एकटीने पोटात ठेवलं. मी तिला म्हटलं, तुझं पोट मजबूत आहे, पण खोकला फार वाईट करतेस.

मला लागलं ते वेगळंच. मी काय म्हणेन ते तुम्ही दोघींनी मला न विचारता ठरवून टाकलंत. बॅग भर म्हणेन! अगं, खांबवाला दोनदा खांबावरून पडला, आणि मी त्याला तिसरा सदरा शिवून दिला. मला माणसाचं काम थांबवता येत नाही, कपडा बसवता येतो.

आता ते वाक्य. ‘मोठीच द्या, लहान पडायला नको.’ तुला कळलं नाही ते कुठून आलं, मला पत्र ऐकतानाच कळलं. ते माझं वाक्य आहे. तुझ्या प्रत्येक फ्रॉकला मी ते म्हटलंय. पोरगी वाढतेय, मोठाच कापू, लहान पडायला नको. पहिलीतला तुझा फ्रॉक घोट्यापर्यंत यायचा. शाळेच्या शर्यतीत त्यात पाय अडकून तू तोंडावर आपटलीस, आणि मी म्हटलं, ‘पुढच्या वर्षी बरोबर बसेल.’ पुढच्या वर्षी मी त्याहून मोठा शिवला. तुला तुझ्या अंगाबरोबरचा कपडा मी कधी घालूच दिला नाही ग. मग तू पंचवीस वर्षांची होऊन सायकल घ्यायला गेलीस आणि वाढायला जागा मागितलीस. आता कुठे वाढणार होतीस, आडवी?

तर चूक तुझ्या हाताची नाही. माझ्या कात्रीची आहे. हे लिहिताना तुझी आई मान हलवतेय, पण लिहितेय.

आणि मी अजून तीच चूक करत होते. तू प्रत्येक दोऱ्यात दोन बोटं जास्त सोडलीस. कपड्यात सोडतात, कारण उद्या शिवण उसवून मोठं करता येतं. सायकलची शिवण कोण उसवणार? मी आणि तो कोपऱ्यावरचा शहाणा, दोघं त्या जास्तीच्या बोटांसकट लार्ज काढून बसलो होतो. काल परत गेले. पाचही गाठी सोडल्या, दोन दोन बोटं मागे घेऊन पुन्हा मारल्या, एका लाल दोऱ्याच्या जागी हिरवा धरला. या वेळी मीडियम. पायाच्या दोऱ्याने तर मला घामच फुटला. लार्ज घेऊन तू वळणावर पाय टेकून उभी राहिलीस, की मधली दांडी कुठे लागेल ते मी तुझ्या आईकडून लिहवून घेणार नाही.

आणि तुझं काम काय, ते तूच लिहिलंस आणि तुलाच दिसलं नाही. सुसाट जाणं मास्तरांची हौस आहे. काम आहे थांबणं, पाय टेकणं, मागे बघणं, पुन्हा निघणं. दिवसभर हेच करणाऱ्या माणसाला मी लांब कोट कधीच शिवला नसता.

पण मी सांगतेय म्हणून घेऊ नकोस. मिस्त्रीणबाईंना म्हणावं, दोन्ही फ्रेमना तात्पुरती चाकं लावून द्या. दोन्हींवर उभी राहा, तुझं ते भांडखोर कोंबड्यासारखं, आणि बघ कोपर कुठल्यावर आपणहून वाकलेलं राहतं. ते जे सांगेल ते खरं.

मास्तरांना मात्र आधी सांग. ते नाव कापतील की नाही, ते त्यांना ठरवू दे. मी काय म्हणेन हे तू ठरवलंस तेव्हा चुकलीस, हे लक्षात ठेव.

आजी

(मी फक्त हात नाही, हे आज मलाही सांगायचंय. सांग त्यांना. — आई)


८ मे

आजी, आई,

काल चाचणी झाली. आधीचं आधी सांगते.

दोन्हींवर उभी राहिले. मीडियमवर पहिल्यांदा इतकं चमत्कारिक वाटलं, धाकट्या बहिणीची सायकल चोरून आणल्यासारखं. लार्जवर एकदम ऐटबाज. मिस्त्रीणबाई पुढून बघत होत्या. त्यांनी फक्त माझ्या डाव्या कोपराला बोट लावलं. लार्जवर ते जेवढं ताणता येतं तेवढं ताणलेलं होतं, आणि मला कळलंही नव्हतं. मीडियमवर वाकलेलं होतं. म्हणाल्या, ‘आता ठरलं?’ मी म्हटलं, ‘ठरलं.’ जवळजवळ नाही.

मास्तरांना सांगायला तीन दिवस लागले. ते चाक धूत होते. मी सगळं सांगितलं, जिन्याचं खोटं होतं तेही. त्यांनी चाक धुणं थांबवलं नाही. एवढंच म्हणाले, ‘चाचणीला मी तुझ्या मागे असेन.’ हे चांगलं की वाईट ते कळेना.

सकाळी नऊला निघालो. सरळ उतारावर मी मागे पडले, सगळ्यांच्या मागे. मीडियम तिथे जरा थरथरते, ते खरंच आहे. मग झाडीतली वळणं आली आणि आजी, ती सायकल माझ्या कमरेबरोबर वळायला लागली! मी काही करतच नव्हते. तिथे दोघांना गाठलं. मग ती जागा आली जिथे वाट एका खडकावरून गुडघाभर खाली उडी घेते. मी थांबले, पाय टेकला (दांडी लागली नाही, आजी), मागे बघितलं आणि मास्तरांना म्हटलं, ‘इथे माझा डावा हात मार खातो. मी उजवीकडून, मुळांवरून घेते.’ आणि घेतली.

खाली पोचल्यावर मास्तरांनी विचारलं, ‘हात किती कमी भरतो?’ मी म्हटलं, ‘तीन बोटं.’ ते म्हणाले, ‘बोटं?’ मग त्यांना सगळे दोरे सांगावे लागले. ते एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग म्हणाले, ‘आपल्याला काय जमत नाही हे माहीत असलेला वाटाड्या मला हवाच होता. तसे दोन आहेत, पण ते तोंडाने सांगत नाहीत.’

मला घेतलं! पण या वर्षी फक्त खालच्या दोन वाटा. वरची, जिथे पडले होते ती, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. आधी वाईट वाटलं. मग वाटलं, ती कुठे पळून जातेय.

माझी पहिली तुकडी चोवीस तारखेला आहे. सहा माणसं, त्यांतली दोन तर पहिल्यांदाच डोंगरात सायकल चालवणार आहेत. मला कालपासून त्यांचीच भीती वाटतेय, माझी नाही.

तुमची भिंगरी


१५ मे

भिंगरे,

चोवीस तारखेला आम्ही येतोय. दोघी. तिकिटं काढली. तुझी आई म्हणाली, कशाला, पोरीला कामात अडचण. आणि हे म्हणता म्हणता तिने बॅग भरायला घेतली. तेव्हा बघ, बॅग कुणाची तरी भरलीच.

मला तिथे पुष्कळ बघायचंय. ती सीट खाली जाते ते बघायचंय. मिस्त्रीणबाईंची हत्यारं बघायचीत. मास्तर खरंच खाली बसून हसतात का, ते बघायचंय. मुळांवरून चाक कसं जातं, ते कुणीतरी वाकून दाखवा. आणि मला तुझ्या सायकलवर उभं राहायचंय. चालवायची नाही, घाबरू नका. नुसतं उभं राहून कोपरं कुठे जातात ते बघायचंय. दोघींनी धरा.

तू निघशील तेव्हा आम्ही पहिल्या वळणावर उभ्या असू. मी बसायला काहीतरी नेईन. तुझी आई म्हणते, ती डोळे मिटून घेणार. मी म्हटलं, एवढ्या लांब यायचं आणि डोळे मिटायचे, तर घरीच मीट.

आम्हाला घ्यायला येऊ नकोस. विचारत विचारत येऊ. मला विचारायला आवडतं.

आजी

(आजी आत गेल्यात, हे माझं एकटीचं. मी डोळे मिटणार नाही. पण वळणावर थांबशील तेव्हा आमच्याकडे बघत राहू नकोस. तुझ्यामागे माणसं असतील. — आई)